विश्लेषण : दिव्यांग मुलांच्या पालकांचा अनुभव कसा मोजतात? प्रश्नावलीचे नुसते भाषांतर का पुरत नाही?

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला थेरपीसाठी श्रीवर्धनहून अलिबागला आणायचे, तर दिघी-आगरदांडा फेरीबोट आणि पुढे रस्त्याचा प्रवास. अख्खा दिवस मोडतो. एवढे करून आईला मुलाविषयी नीट सांगितले गेले का, तिचे म्हणणे कुणी ऐकले का, हे तपासण्यासाठी जगभर प्रश्नावल्या वापरतात. पण इंग्रजी प्रश्न मराठीत लिहिला म्हणजे तो तिच्यापर्यंत पोहोचलाच, असे नाही.

कुटुंबकेंद्रित उपचार म्हणजे काय?

थेरपिस्टकडे मूल काही तासच असते. बाकी वेळ त्याला बसवणे, भरवणे, उचलणे घरच्यांकडेच. म्हणून उपचारांचे ध्येय ठरवताना पालकांचे मत तज्ज्ञांइतकेच मोलाचे, ही यामागची कल्पना. भारतात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झाला. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची (डीईआयसी) तरतूद आहे.

अनुभव मोजतात कसा?

‘मेझर ऑफ प्रोसेसेस ऑफ केअर’ ही यासाठीची प्रसिद्ध प्रश्नावली. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या ‘कॅनचाइल्ड’ केंद्रातील संशोधकांनी ती १९९०च्या दशकात तयार केली. आधी ५६ प्रश्न होते, २००४ मध्ये २० प्रश्नांची आवृत्ती आली. डच, जपानीसह अनेक भाषांत ती गेली आहे. ‘समाधानी आहात का’ असे ती विचारत नाही. माहिती, आदर, समन्वय, निर्णयातील सहभाग या गोष्टी गेल्या वर्षभरात किती प्रमाणात मिळाल्या, ते १ ते ७ आकड्यांत सांगायचे. प्रश्न लागू नसेल तर ०.

भाषांतराची पद्धत काय?

आधी मूळ संशोधकांची परवानगी. मग दोघे जण स्वतंत्र भाषांतर करतात. एकाला विषय ठाऊक असतो, दुसऱ्याला नाही. दोन्ही मसुदे एकत्र करून, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या अनुवादकांकडून ते पुन्हा इंग्रजीत आणले जातात. तज्ज्ञ समिती फरक तपासते. शेवटी साधारण ३० ते ४० जणांवर चाचणी होते.

मग अडते कुठे?

‘पार्टनर’चे ‘भागीदार’ केले, तर उलट भाषांतरात ‘पार्टनर’च परत येतो. कागदावर सगळे बरोबर. पण कोळीवाड्यात भागीदार म्हणजे होडीत वाटा असलेला माणूस. ‘ठरवण्याआधी तुम्हाला विचारतात का?’ हा प्रश्न जास्त नेमका.

दुसरी अडचण पर्यायांची. ‘बऱ्याच’, ‘मोठ्या’ आणि ‘खूप मोठ्या प्रमाणात’ यांतला फरक सांगणे शिकलेल्या माणसालाही अवघड. तिसरी अडचण काळाची. ‘गेल्या वर्षभरात’पेक्षा ‘गेल्या नारळी पौर्णिमेपासून’ म्हटले, की आठवायला सोपे जाते. कामासाठी वर्षातले काही महिने गाव सोडणाऱ्या कातकरी कुटुंबांना मात्र वेगळी खूण द्यावी लागेल.

सगळ्यात मोठी अडचण भिडेची. थेरपिस्टनेच समोर बसून विचारले, तर ‘डॉक्टरांना नावे कशी ठेवायची?’ म्हणून ७ आकडा सांगितला जाण्याची शक्यता असते.

उपाय काय?

चाचणीच्या वेळी नुसते उत्तर घ्यायचे नाही. ‘या प्रश्नातून तुम्हाला काय समजले, तुमच्या शब्दांत सांगा’ असेही विचारायचे. आगरी-कोळी बोली बोलणाऱ्या आया, आज्या त्या गटात हव्यात. वाचता न येणाऱ्यांना प्रश्न वाचून दाखवावेत, तेही उपचारांशी संबंध नसलेल्या व्यक्तीने. काही दिवसांनी त्याच पालकांना पुन्हा विचारून उत्तरे जुळतात का, हेही पाहावे लागते.

एवढा खटाटोप कशासाठी?

सगळ्यांनी ७ सांगितले, तर केंद्रात सुधारण्यासारखे काही उरत नाही. प्रत्यक्षात फिजिओथेरपीला एका दिवशी आणि स्पीच थेरपीला दुसऱ्या दिवशी बोलावल्याने आईच्या दोन दिवसांच्या मजुरीवर पाणी पडत असेल, तर ती हळूहळू यायचे थांबते. नोंदीत ‘उपचार अर्धवट सोडले’ एवढेच राहते. प्रश्न तिला कळेल असा विचारला असता, तर दोन्ही थेरपी एकाच दिवशी ठेवणे जमले असते.