गांवाची शाळा

शाळा काढणें सरकारच्या हातीं असतें. ती नांदती ठेवणें मात्र गांवाच्या हातीं असतें. पुणें जिल्ह्यांत, खेड तालुक्यांत, जालिंदरनगर येथें जिल्हा परिषदेची शाळा आहे. तेथील पटसंख्या एके काळीं इतकी घटली होती, कीं शाळा बंदच पडावयाची. शिक्षक दत्तात्रेय वारे यांनीं पालकांस व ग्रामस्थांस बरोबर घेऊन ती पुन्हां उभी केली.

तेथें ‘विषयमित्र’ ही पद्धति आहे. ज्या मुलास जो विषय चांगला समजतो, त्यानें तो इतरांस शिकवावा. त्यांत वयाची अट नाहीं. समजावून देतांना शिकविणाऱ्याचें ज्ञान पक्कें होतें, आणि मित्रापाशीं शंका विचारण्यास संकोच वाटत नाहीं. २०२५ सालीं जगांतील सर्वोत्तम शाळांसाठीं असलेल्या आंतरराष्ट्रीय पारितोषिकांपैकीं लोकमतानें दिलें जाणारें पारितोषिक या शाळेस मिळालें.

अशा सहकार्यास कायद्याचाही आधार आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वयें सरकारी शाळेस व्यवस्थापन समिति असावी लागते. तींत निदान तीनचतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. परंतु समितीचीं नांवें कागदावर राहिलीं, तर शाळेस त्यांचा उपयोग काय?

सरकारी शाळा म्हणजे निरुपायाची शाळा, अशी समजूत शहरांतील सुशिक्षित घरांतून आढळते. जालिंदरनगरच्या मुलांनीं ती खोटी ठरविली आहे. शाळा परकी मानली कीं ती ओस पडते. आपली मानली कीं तीच गांवाचें भूषण होते.