कातडीखालचा विणकर

माझे बालपण सोलापुरात गेले, त्यामुळे मागांचा खडखडाट हाच आमचा भूपाळीचा सूर. धागा तुटला की माग थांबायचा, कारागीर तो सांधायचा, की पुन्हा खडखडाट सुरू! असाच एक विणकर आपल्या प्रत्येकाच्या कातडीखाली बसलेला असतो.

भाजी चिरताना बोट कापते. गृहिणी त्यावर चिमूटभर हळद दाबते आणि रक्त थांबले की सारे श्रेय हळदीला देऊन मोकळी होते. वास्तविक तेवढ्यात आत केवढी धावपळ उडालेली असते! कापलेल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तातल्या बिंबिका तोंडाशी गर्दी करतात आणि फायब्रिनच्या तंतूंचे जाळे पसरते. तेच वाळून खपली होते. मागोमाग पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मेलेले मांस खाऊन टाकतात. बोट लाल होते, ठणकते, ते या झाडलोटीपायी. चार-पाच दिवसांनी नव्या रक्तवाहिन्या फुटू लागतात आणि कोलाजेनचे धागे विणले जातात.

मात्र हे विणकाम घाईचे. मूळ कातडीत धागे टोपलीच्या विणीसारखे एकमेकांत गुंतलेले; व्रणात ते बहुतेक एकाच दिशेने ओढलेले. तीन आठवड्यांनी व्रणात मूळ कातडीच्या जेमतेम पाचव्या हिश्शाची ताकद असते आणि पुढे कितीही वर्षे गेली तरी ती ८० टक्क्यांच्या फारशी वर जात नाही. आमचा रफूवालाही याहून अधिक हमी देत नसे.

शिवाय हे काम कधी संपत नाही. व्रणातले जुने धागे विरतात, नवे पडतात, आणि त्यासाठी ‘क’ जीवनसत्त्व लागते. १७४० साली निघालेल्या अॅन्सन या इंग्रज दर्यावर्द्याच्या सफरीत स्कर्व्हीने ग्रासलेल्या एका माणसाची पन्नास वर्षांपूर्वी भरलेली जखम पुन्हा उघडली होती. हे वाचल्यापासून पानातल्या लिंबाच्या फोडीकडे मी आदराने पाहतो.

आणि झाडलोटच हरली तर? आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि जपान्यांशी लढणाऱ्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत राहिले. त्यांच्या आधी तिथे नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे शल्यविशारद हेच काम करीत होते. शस्त्रक्रिया करताना त्यांचे बोट कापले, विष रक्तात भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. पेनिसिलिन अजून प्रयोगशाळेबाहेर आलेले नव्हते. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे पुढे कोटणीस संचालक झाले; ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराने तेही गेले. शल्यविशारद मोठा खराच, पण तो विणत नाही. तो जागा स्वच्छ करतो, कडा जवळ आणतो, विणणारा आतला.

त्या आतल्याचा हात आज आखडतो तो मधुमेहाने. बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, पांढऱ्या पेशी सुस्तावतात, आणि पायांच्या नसा बधिर झाल्याने जखम झालेली कळतच नाही. माझी मावशी एका एप्रिलात भर दुपारी सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेली आणि तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालली. तळव्याला फोड आला, फुटला, तिला पत्ता नाही! घरात ओली पावले उमटलेली सुनेने पाहिली, तेव्हा उलगडा झाला. दोन महिने जखम भरेना. अखेर पायाची करंगळी काढावी लागली, पाऊल वाचले.

आता मावशी रोज रात्री तळव्याखाली आरसा धरून बसते. दर्शनाला पहाटे जाते, आणि घरात, अगदी स्वयंपाकघरातसुद्धा, सपाता घालून वावरते. शेजारणीने सोवळ्याचा विषय काढला, तेव्हा मावशी म्हणाली, “माझ्या देवाला चालतं हो, तुम्हालाच काय झालं?”