गडहिंग्लजचा ढ, दाजीपूरचा य

राधानगरीहून दाजीपूरच्या जंगलाकडे निघालेला रस्ता पुढे फोंडा घाट उतरून सिंधुदुर्गात जातो. या घाटाच्या रोमन स्पेलिंगमध्ये ‘पी’नंतर ‘एच’ आहे. गोव्यातल्या फोंड्याच्या स्पेलिंगमध्ये तो नाही. देवनागरीत मात्र दोन्ही नावे एकच. पोर्तुगीजमध्ये महाप्राण व्यंजने नाहीत, म्हणून तिथे ‘एच’ गळाला. इकडे इंग्रजी दप्तराने तो ठेवला. रोमन स्पेलिंग म्हणजे नावाचे जगभर चालणारे रूप, हा समज इथेच डळमळतो. रोमन लिपी एक असली तरी ती वाचणारे कान अनेक आहेत. जर्मन माणूस आपल्या सवयीने ‘जे’चा य करतो, म्हणजे दाजीपूरचे दायीपूर होणार. ज लिहायला त्याला डी-एस-सी-एच अशी चार अक्षरे जोडावी लागतात. महाराजा आणि पंजाब हे शब्द जर्मनमध्ये या चार अक्षरांनीच लिहिले गेले. शाहूवाडीतला ‘डब्ल्यू’ मात्र तो इंग्रजापेक्षा बरा वाचेल, कारण त्याच्याकडे त्या अक्षराचा उच्चार आपल्या व च्या जवळचा आहे.

यावर कोणी म्हणेल, नियम आहे की! आहेच. एकोणिसाव्या शतकात विल्यम हंटर या ब्रिटिश अधिकाऱ्याने भारतीय नावांच्या ऐकीव स्पेलिंगांना शिस्त लावली. बॉम्बे, कलकत्ता अशी रुळलेली रूपे तेवढी राहू दिली. पण गडहिंग्लज घ्या. ड आणि ह शेजारी आले की नियमाप्रमाणेच ‘डीएच’ होते आणि परका वाचक बिनदिक्कत ‘गढिंग्लज’ म्हणतो. चूक त्याची नाही, नियमाचीही म्हणता येत नाही. ड आणि ह वेगळे आहेत, ही खूणच त्या स्पेलिंगमध्ये उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जर्मनांच्या क्योल्नला इंग्रज कोलोन म्हणतात, म्युन्शेनला म्युनिक. त्याने कोणाचे बिघडले? काहीच नाही. परभाषेने आपल्या जिभेला सोसेल असे नाव घडवावे, हा तिचा हक्क आहे. पारीला आपणही पॅरिसच म्हणतो. पण कोलोन वाचून कोणी जर्मन माणूस आपल्या गावाचे नाव बदलत नाही. आपल्याकडे नेमके तेच होते: रोमन पाटीवरून हिंदी मजकूर तयार होतो आणि पन्हाळ्याचा ‘पन्हाला’ होऊन बसतो. इंग्रजाने किंवा जर्मनाने काय म्हणायचे ते म्हणावे. मराठी गावाचे नाव हिंदीत लिहिणाऱ्याने, नकाशा करणाऱ्याने आणि बातमी देणाऱ्याने तरी ते मराठीवरूनच उतरवून घ्यावे. लिपी दोन्ही भाषांची एकच आहे.