आधी छप्पर, मग फरशी

गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीत ४०० चौरस फुटांचं एक छप्पर घेतलं, तर एका वर्षात त्यावर ४४ हजार लिटरहून जास्त पाणी पडतं. गुणाकार सोपा आहे. ४०० चौरस फूट म्हणजे साधारण ३७ चौरस मीटर, आणि या भागात वर्षाला १२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. पाच हजार लिटरचे टँकर मोजले तर जवळपास नऊ टँकर होतात, आणि त्यांतलं बहुतेक पाणी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतं. धानाला हवं असलेलं हे पाणी घरावरून कसं जातं, कुठे अडतं, कुठे मुरतं, यावर त्या घराच्या दुरुस्तीचा निम्माअधिक खर्च ठरतो.

तरीही घराचं काम काढायचं ठरलं की पहिली चर्चा फरशीची होते. कोणत्या दुकानात कोणत्या टाइल्स, सपरीला कोणता रंग, स्वयंपाकघरात काळा ग्रॅनाइट की कडप्पा. बजेट मग या दिसणाऱ्या वस्तूंभोवती बांधलं जातं, आणि छपराची पाळी आली की पैसे संपलेले असतात. दिवाळीला चकचकीत झालेल्या भिंतीवर पुढच्या श्रावणात पिवळे डाग उमटतात, रंग फुगतो, पापुद्रे सुटतात. रंगवाल्याला दोष दिला जातो. त्याची चूक बहुधा एवढीच असते, की ओली भिंत पाहूनही त्याने काम नाकारलं नाही.

म्हणून पहिला गैरसमज क्रमाचा. कमी पैशांत दुरुस्ती करायची तर क्रम पाण्याच्या वाटेने लावावा लागतो : आधी छप्पर, मग छपरावरून उतरणारं पाणी घरापासून लांब नेणारी नाली, मग वायरिंग आणि नळ, त्यानंतर प्लास्टर, आणि सगळ्यात शेवटी फरशी आणि रंग. या क्रमाचा एक फायदा हिशेबाचाही आहे. पैसे मध्येच संपले तर रंग राहून जातो, आणि रंग एक वर्ष राहिला तर घराचं काही बिघडत नाही. उलट क्रमाने गेलेल्या घरात नवी फरशी उखडून खालून पाइप टाकावा लागतो. तो खर्च दोनदा होतो.

दुसरा गैरसमज या भागात फार खोल रुजलेला आहे : मातीच्या भिंतीचं, कवेलूचं घर म्हणजे पडकं घर, त्यात पैसा घालणं वाया, पाडून स्लॅब टाकलेलाच बरा. ऐपत असेल आणि घर खरंच मोडकळीला आलं असेल तर नवं बांधावं, त्यात वाद नाही. पण कवेलू काढून त्याच जुन्या भिंतींवर स्लॅब टाकायचा विचार अनेकांच्या मनात येतो, आणि तो धोक्याचा आहे. ४०० चौरस फुटांचा साडेचार इंच जाडीचा स्लॅब वजनाने दहा टनांच्या वर जातो, साधारण १०६ क्विंटल. धानाची ४० किलोंची अडीचशेहून जास्त पोती भिंतींच्या माथ्यावर कायमची रचून ठेवण्यासारखं हे आहे. मातीच्या भिंती कवेलू, बांबू आणि लाकडी मयाल पेलण्यासाठी उभ्या केलेल्या असतात. स्लॅब हवा तर पायापासून कॉलम-बीम हवेत, आणि तेव्हा ते काम दुरुस्तीचं राहत नाही, नव्या घराचं होतं. बजेटही नव्या घराचंच लागतं.

मातीचं घर किती टिकतं याचा दाखला विदर्भातच आहे. वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९३६ साली आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या आदि निवास, बापू कुटी या वास्तू माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंच्याच आहेत. जवळजवळ ९० वर्षांनंतरही त्या उभ्या आहेत, कारण त्यांची निगा राखली जाते. मातीच्या घराची अट हीच आहे. त्याला दर वर्षी पावसाआधी हात लागावा लागतो.

इथे कवेलूची बाजू घेताना त्याची अडचण लपवून चालणार नाही. माकडांची टोळी एकदा छपरावरून गेली की निम्मे कवेलू सरकतात, काही फुटतात. कवेलू फेरणारे कारागीर कमी झाले, हाताने घडवलेले नवे कवेलूही सहज मिळत नाहीत. लोक टिनाच्या पत्र्याकडे वळले ते हौसेने नव्हे. पण ‘टीन टाकलं की कायमची कटकट मिटली’ हाही गैरसमजच. मे महिन्यात नवतपा लागला की टिनाखालची खोली दुपारी बसवत नाही, आणि मग कूलरचं वीजबिल त्या स्वस्त छपराच्या हिशेबात धरावं लागतं. टीन टाकायचंच असेल तर खाली बांबूची चटई किंवा साधं छत करून मध्ये हवा खेळती ठेवावी आणि वरून पांढरा रंग किंवा चुना द्यावा. उष्णता बरीच परतवली जाते. पत्र्याचा खिळा किंवा स्क्रू उंचवट्यावर मारावा, खोलगट भागात नाही, आणि त्याला रबराचा वॉशर असावा. पत्र्याच्या घरातली पुष्कळशी गळती या चुकीच्या जागी मारलेल्या खिळ्यांतून होते. ही काही रुपयांची गोष्ट आहे.

मयाल आणि वासे मात्र नीट तपासून घ्यावेत. स्क्रू-ड्रायव्हर किंवा खिळा लाकडात सहज रुतला, ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर वाळवीने आतून काम केलेलं आहे. जुनं सागवान सुस्थितीत असेल तर ते घराबाहेर जाऊ देऊ नये. त्या प्रतीचं लाकूड आज विकत घ्यायला गेलं की भाव कळतो.

स्लॅबच्या घरांना वेगळा गैरसमज छळतो. गच्ची गळली की वरून वॉटरप्रूफिंगचा डबा आणून फासायचा, एक पावसाळा निघतो, दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा डबा. गच्चीवर पाणी साचून राहत असेल तर कोणताही थर फार काळ पुरत नाही. गच्चीला दर १०० फुटांस किमान १ फूट उतार लागतो, म्हणजे २० फूट लांबीला सुमारे अडीच इंच. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने गच्चीवर जाऊन बघावं. जिथे डबकं दिसेल तिथे खडूने किंवा कोळशाने गोल करावा. पॅरापेट आणि स्लॅबच्या सांध्यातली भेग, पाइपच्या तोंडाशी अडकलेला पाला, टाकीखालची ओल, या तीन जागा आधी बघाव्यात. सोलर पॅनेल बसवायचा विचार असेल तर गच्चीची दुरुस्ती त्याआधी. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं म्हणून घाईने पॅनेल बसवले, तर नंतर त्यांच्याखालची गळती काढायला सगळा सांगाडा उचलावा लागतो.

भिंतीची ओल मात्र नेहमी वरून येते असं नाही. गावोगाव सिमेंटचे रस्ते थरावर थर चढत गेले आणि जुनी घरं रस्त्याच्या खाली गेली. अंगणातलं पाणी पायात मुरतं आणि भिंतीतून दोन-तीन फूट वर चढतं. ही ओल ओळखायची सोपी युक्ती आहे. फूटभर चौकोनी प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचं आणि दोन दिवसांनी बघायचं. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला आले तर ती हवेतली दमट वाफ आहे, खिडकी उघडी ठेवली तरी भागेल. भिंतीतलं पाणी असेल तर प्लास्टर खरवडण्याआधी बाहेरची माती उकरून पातळी खाली आणावी, घराभोवती उताराचा ओटा आणि नाली करावी, वळचणीला पाणी झेलणारा पन्हाळ लावावा. कुदळ-फावड्याचं हे काम टाइल्सच्या खर्चापुढे किरकोळ आहे आणि भिंत वाचवतं.

‘सिमेंट जास्त घाला, मजबूत होऊ द्या’ हे वाक्य प्रत्येक कामावर एकदा तरी ऐकू येतं. त्यात प्रेम असतं, पण ते चूक आहे. प्लास्टरमध्ये सिमेंट गरजेपेक्षा जास्त झालं की ते वाळताना आकसतं आणि बारीक भेगा पडतात. त्याच भेगांतून पाणी शिरतं. आतल्या भिंतीला १:६ आणि बाहेरच्या भिंतीला १:४ हे प्रमाण पुरतं. मातीच्या भिंतीला तर सिमेंटचं प्लास्टर करूच नये. ते मातीला नीट धरत नाही, आतली ओल कोंडून ठेवतं आणि काही पावसाळ्यांनी भाकरीएवढ्या खपल्यांनी गळून पडतं. तिथे माती, तणस आणि शेण यांचा गिलावा किंवा चुनाच शोभतो आणि टिकतो.

काँक्रीटची ताकद घटते ती जास्तीच्या पाण्याने आणि अपुऱ्या पाणी मारण्याने. कालवताना सोपं जावं म्हणून मिस्त्रीने दोन बादल्या जास्त ओतल्या की मालाचा कस गेला. आणि नंतर पाणी मारायची वेळ आली की तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. भारतीय मानकानुसार साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओलावा टिकवावा लागतो. कोरड्या कडक उन्हात पीपीसीसाठी हा काळ १४ दिवसांवर न्यावा, अशी शिफारस आहे. गोणीवर काय लिहिलंय ते आधी वाचावं. बहुतेक वेळा पीपीसीच असतं.

राखेच्या विटा कच्च्या असतात असंही म्हणतात. तिरोड्याला ३३०० मेगावॉटचा औष्णिक वीजप्रकल्प असलेल्या जिल्ह्यात राखेच्या विटांवर हा अविश्वास थोडा आश्चर्याचाच. चांगली राखेची वीट मापात एकसारखी असते, त्यामुळे सांध्याचा आणि प्लास्टरचा माल वाचतो. दोन विटा एकमेकींवर वाजवून, एक वीट तीन फुटांवरून सोडून पाहावी. खणखणली आणि तुटली नाही, तर घ्यावी.

आता पैशांकडे. ‘अमक्याकडे इतक्या रुपये चौरस फुटाने झालं’ हा दर नव्या बांधकामाचा असतो. दुरुस्तीला तो लागू होत नाही. तोडफोड, मलबा उचलणं, जुनं सामान सांभाळून काढणं, वाकड्या भिंतीला प्लास्टर ओळंब्यात आणणं, हे काही त्या दरात नसतं. दुरुस्तीचा हिशेब कामागणिक मांडावा लागतो : प्लास्टर चौरस फुटाने, वायरिंग पॉइंटने, पाइप धावत्या फुटाने, दार नगाने. मिस्त्रीशी बोलताना दर मजुरीचा की साहित्यासह, हे कागदावर लिहून घ्यावं. एकूण रकमेतले १० ते १५ टक्के बाजूला काढून ठेवावेत, कारण जुनं प्लास्टर काढल्यावर आत काय निघेल हे आधी कळत नाही. हातात २ लाख असतील तर १ लाख ७० हजारांचंच काम ठरवावं. छपराच्या कामाचा शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस पाहून देण्याचं आधीच ठरवलं, तर दोन्ही बाजूंना सोयीचं जातं.

सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून घर दहा टक्क्यांनी स्वस्त झालं असंही काहींना वाटतं. समजा करापूर्वी गोणी ३०० रुपयांची आहे. आधी ती ३८४ ला पडायची, आता ३५४ ला. वर सांगितलेल्या ४०० फुटांच्या स्लॅबला साधारण ३४ गोण्या लागतात, म्हणजे बचत हजार रुपयांच्या आसपास. हजार रुपये कमी नाहीत, पण त्यावर बजेट वाढवू नये.

घरकुलाबाबत दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणचं मूळ अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम तसंच विशेष जिल्ह्यांत १ लाख ३० हजार रुपये ठरलेलं आहे. ते किमान २५ चौरस मीटरचं नवं पक्कं घर बांधण्यासाठी आहे, जुन्या घरात टाइल्स बसवण्यासाठी नाही. रक्कम कामाच्या टप्प्यांप्रमाणे, फोटो नोंदवल्यावर, थेट खात्यात येते, आणि बांधकाम लाभार्थ्याने स्वतः करवून घ्यायचं असतं. पुढचा हप्ता येईपर्यंतचा खर्च हाताशी नसेल तर काम जोत्यावर अडकतं. आपल्या गावाला नेमकी किती रक्कम लागू आहे आणि राज्याची कोणती भर मिळते, हे ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीत विचारूनच पाया खणावा. कर्जासाठी नमुना ८ पुरतो असंही अनेक जण धरून चालतात. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. बँकेत जाण्याआधी कागद तपासून घ्यावेत.

शेवटचा गैरसमज वेळेचा. दुरुस्ती मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर काढायची रीत आहे. पण मेमध्ये ऊन सिमेंटचं पाणी ओढून घेतं, विहिरी खोल जातात, जंगलालगतच्या गावांतला मजूर तेंदूपत्त्याला जातो. जून-जुलैत तोच मजूर रोवणीला लागतो. धानाची कापणी-मळणी आटोपली की डिसेंबर-जानेवारीत माणसं मिळण्याची शक्यता जास्त, थंडीत पाणी टिकतं आणि धान विकल्याचे पैसे हाती येतात. साध्या धानाला २०२५-२६ च्या हंगामात क्विंटलला २३६९ रुपये हमीभाव होता. त्या हिशेबाने १ लाखाची दुरुस्ती म्हणजे शेतीचा खर्च न वजा करता ४२ क्विंटल धान. कवेलू फेरणं तेवढं उन्हाळ्यावर ठेवावं.

घर पाहायचा काळ मात्र पावसाळाच. पुढच्या पहिल्या जोराच्या सरीत वही-पेन्सिल घेऊन घरभर फिरा. कुठे ओघळ आला, कोणत्या कोपऱ्यात थेंब पडला, अंगणातलं पाणी कुठे थांबलं, हे तारखेसह लिहून ठेवा, आणि डिसेंबरात मिस्त्री घरी आला की टाइल्सच्या आधी ती वही त्याच्यापुढे ठेवा.