मोठ्या सरड्यांच्या पिंजऱ्यासाठी ओरखडारोधक तावदानाची निवड : कुर्डुवाडीच्या हवामानाच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्रात मोठा सरडा म्हटले की प्रथम घोरपड आठवते. सिंहगडाच्या १६७० च्या लढाईशी जोडली गेलेली घोरपडीची कथा ऐतिहासिक पुराव्याने सिद्ध झालेली नाही. तथापि या प्राण्याच्या नखांविषयी लोकमानसात असलेला दबदबा त्या कथेतून स्पष्ट होतो. घोरपड ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट असल्याने ती घरात पाळणे हा गुन्हा आहे. त्यामुळे घरगुती पिंजऱ्याचा प्रश्न प्रामुख्याने हिरव्या इग्वानासारख्या विदेशी सरड्यांपुरता उरतो. या प्राण्यांची नोंदणीही आता ऐच्छिक राहिलेली नाही. २०२२ च्या दुरुस्तीने अधिनियमात चौथी अनुसूची आली आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंद 'परिवेश' संकेतस्थळावर करणे बंधनकारक झाले.

पूर्ण वाढलेला इग्वाना शेपटीसह दीड मीटर किंवा त्याहून अधिक लांब होतो. त्याच्यासाठी कपाटाएवढा पिंजरा लागतो आणि त्याची एक बाजू पारदर्शक असावी लागते. ही बाजू कशाची असावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ओरखडा कसा पडतो?

नखांमुळे तावदान खराब होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धसत्य आहे. फ्रीडरिख मोस याने १८१२ मध्ये मांडलेल्या कठीणतेच्या श्रेणीत नखातील केराटिनाचे स्थान साधारण २ ते २.५, खिडकीच्या काचेचे सुमारे ५.५ आणि वाळूतील क्वार्ट्झचे ७ आहे. मऊ पदार्थ कठीण पदार्थावर ओरखडा पाडू शकत नाही. म्हणजेच नुसते नख काचेला इजा करू शकत नाही. परंतु नख आणि काच यांच्यामध्ये वाळूचा कण अडकला की तो कण काच कोरतो. पिंजऱ्याच्या तळाशी वाळू पसरलेली असल्यास किंवा कोरड्या फडक्याने धूळ पुसल्यास हेच घडते.

प्लास्टिकला मोसची श्रेणी काटेकोरपणे लागू पडत नाही. तेथे निरनिराळ्या श्रेणींच्या पेन्सिली पृष्ठावर ओढून पाहण्याची पद्धत रूढ आहे. या कसोटीत ॲक्रिलिक 'एच' गटातील कठीण पेन्सिलीपर्यंत टिकते, तर लेप नसलेल्या पॉलिकार्बोनेटवर त्याहून पुष्कळ मऊ पेन्सिलीनेही रेघ उमटते. न फुटणारे म्हणून प्रसिद्ध असलेले पॉलिकार्बोनेट ओरखड्यांच्या बाबतीत सर्वांत दुबळे आहे, ही बाब ग्राहकाच्या सहसा लक्षात येत नाही. आघात सहन करणे आणि ओरखडा टाळणे हे दोन भिन्न गुणधर्म आहेत.

साहित्याचे पर्याय

१) साधी काच : ओरखड्यांना चांगला विरोध करते, मात्र फुटल्यास तिचे अणकुचीदार तुकडे होतात. शेपटीचा जोरदार फटका मारणाऱ्या प्राण्यासाठी ती सुरक्षित नाही.

२) टफन्ड काच : साधी काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटपट थंड केली की ही काच तयार होते. तिचे बळ साध्या काचेच्या चार ते पाच पट असते आणि फुटल्यास तिचे बारीक, बोथट तुकडे होतात. मात्र तिचे पृष्ठ साध्या काचेपेक्षा अधिक कठीण नसते. ओरखड्यांबाबत दोन्ही सारख्याच. तिला नंतर कापता किंवा छिद्र पाडता येत नाही, म्हणून कड्या-बिजागऱ्यांची मापे आधीच निश्चित करून ती घडवून घ्यावी लागते.

३) लॅमिनेटेड काच : दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असल्याने तडा गेला तरी तुकडे जागेवर राहतात व प्राणी बाहेर पडत नाही.

४) ॲक्रिलिक : वजन काचेच्या निम्म्याहून कमी आणि पारदर्शकता उत्तम. बारीक ओरखडे पॉलिश करून काढता येतात. मात्र अल्कोहोलयुक्त द्रवाने पुसल्यास त्यात बारीक तडे जातात.

५) कठीण लेप दिलेले पॉलिकार्बोनेट : आघात आणि ओरखडा या दोहोंना बऱ्यापैकी तोंड देते, परंतु लेप एकदा झिजला की पॉलिश करून तो परत आणता येत नाही. अमोनियायुक्त द्रव त्यास वर्ज्य आहे.

स्थानिक हवामानाचा विचार

माढा तालुक्यातील कुर्डुवाडी हे पर्जन्यछायेच्या प्रदेशातील रेल्वे जंक्शन आहे. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. हवा कोरडी आणि धूळ भरपूर. इग्वानाला मात्र दमट हवा लागते. त्यामुळे तावदानाच्या एका बाजूस ओलावा आणि दुसऱ्या बाजूस कोरडेपणा अशी स्थिती निर्माण होते. ॲक्रिलिक ओलावा शोषून किंचित फुगते. एकच बाजू फुगल्याने ते वाकते. शिवाय उष्णतेने त्याचे प्रसरण काचेच्या सात-आठ पट होते. तापमानात २५ अंशांचा फरक पडल्यास दीड मीटर लांबीचे ॲक्रिलिक सुमारे अडीच मिलिमीटरने वाढते, तर काच अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. चौकटीत तेवढी मोकळीक नसेल तर दार अडकते किंवा फट पडते, आणि फटीतून प्राणी निसटतो.

काचेची अडचण वजनाची आहे. १.८ बाय १.२ मीटर आकाराची ६ मिलिमीटर जाडीची काच सुमारे ३२ किलो भरते. तेवढेच ॲक्रिलिक साधारण १५ किलो. म्हणून काचेचे एकच मोठे दार करण्यापेक्षा दोन लहान दारे करणे इष्ट. सरकत्या दारांच्या ॲल्युमिनियम पट्टीत वाळू साचते व तीच काचेला कोरते. त्या दृष्टीने बिजागरीची दारे अधिक टिकाऊ ठरतात.

प्राण्याच्या आरोग्याची बाजू

तावदानाची निवड हा केवळ टिकाऊपणाचा प्रश्न नाही. पारदर्शक पृष्ठ हा अडथळा आहे, हे सरड्याला उमगत नाही. तो त्यावर वारंवार तोंड घासतो, नाकाची कातडी सोलवटते आणि जखम चिघळते. तावदानावर एकाच उंचीवर ओरखड्यांची दाटी दिसू लागली, तर तो साहित्याचा दोष न मानता प्राण्याच्या अस्वस्थतेची खूण मानावी. पिंजरा लहान आहे काय, लपण्यास जागा आहे काय, हे प्रथम तपासावे. तावदानाचा खालचा २० ते ३० सेंटिमीटरचा पट्टा अपारदर्शक केल्यास हे घासणे पुष्कळ अंशी कमी होते.

दुसरी बाब प्रकाशाची. जीवनसत्त्व ड-३ तयार होण्यासाठी लागणारे अतिनील-ब किरण खिडकीची काच, सामान्य ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट यांपैकी कशातूनही पुरेसे आत येत नाहीत. पिंजरा खिडकीशी ठेवला म्हणजे ऊन मिळाले, असे समजणे घातक आहे. त्यातून हाडे मऊ होण्याचा विकार जडतो. शिवाय थेट उन्हात बंद पिंजरा भट्टीसारखा तापतो. अतिनील-ब देणारा दिवा आतील बाजूस, प्राण्याची झेप पोहोचणार नाही अशा रीतीने बसवणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, कुर्डुवाडीसारख्या उष्ण, कोरड्या व धुळीच्या गावी पिंजऱ्याच्या समोरील बाजूस ५ ते ६ मिलिमीटर जाडीची टफन्ड काच हा सर्वाधिक समतोल पर्याय आहे. वजन पेलणे शक्य नसेल, तेथेच कठीण लेपाचे पॉलिकार्बोनेट वापरावे. खरेदीपूर्वी प्रत्येक साहित्याचा तळहाताएवढा तुकडा मिळवून, त्यावर ओली वाळू एकाच फडक्याने सारख्याच वेळा घासून पाहावी. दुकानातील शब्दापेक्षा ही चाचणी अधिक विश्वसनीय ठरते. साफसफाई करताना प्रथम पाण्याने धूळ वाहू द्यावी आणि मगच मऊ कापड लावावे. एवढी तजवीज करण्याची तयारी नसेल, तर पंधरा वर्षांहून अधिक जगू शकणारा हा प्राणी घरी न आणणे हेच त्याच्या व पाळणाऱ्याच्या हिताचे होय. कंटाळून त्याला मोकळे सोडल्यास काय होते, याचा धडा फ्लोरिडा आणि प्वेर्तो रिको येथे बेसुमार वाढलेल्या इग्वानांनी दिलेला आहे.