‘कळवतो’ म्हणून गेलेला एचआर

बेंगळुरूत नोकरी शोधायला आलेल्या मराठी इंजिनिअरला तिथल्या ट्रॅफिकच्याही आधी एक वाक्य ओळखीचं होतं : ‘वी विल गेट बॅक टू यू.’ तीन राउंड होतात, चौथ्यात मॅनेजर हसून हात मिळवतो आणि मग फोन गप्प. मेलला उत्तर नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसत्या निळ्या टिका. मराठाहळ्ळी-बेलंदूरच्या पीजींमध्ये या शांततेचे नाना अर्थ लावले जातात. त्यातले बरेचसे चुकतात आणि काही चांगलेच महागात पडतात.

सगळ्यात घट्ट रुजलेला समज हा, की कन्सल्टन्सी आपल्यासाठी नोकरी शोधते. प्रत्यक्षात तिचं गिऱ्हाईक उमेदवार नसून कंपनी असते. भारतात कन्सल्टन्सीचा रूढ दर उमेदवाराच्या वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. तो कंपनी देते, तोही उमेदवार रुजू झाल्यावर. पहिल्या काही महिन्यांत तो सोडून गेला तर बदली माणूस फुकट द्यायचा, अशीही अट अनेक करारांत असते. आता हिशेब करा. १२ लाखांच्या जागेवर माणूस बसला तर कन्सल्टन्सीच्या खात्यात जवळपास एक लाख रुपये येतात. उरलेल्या उमेदवारांना ‘तुमचं झालं नाही’ हे कळवण्याचे तिला शून्य रुपये मिळतात. दिवसातून तीनदा फोन करणारी व्यक्ती एकाएकी गायब का होते, याचं उत्तर बहुतेक वेळा या टक्केवारीत सापडतं. उद्धटपणा उरतोच, पण त्याचं गणित कळतं. आणि हे गणित उलटं फिरलं, म्हणजे ‘रजिस्ट्रेशन’, ‘लॅपटॉप डिपॉझिट’ किंवा ‘ट्रेनिंग चार्ज’ म्हणून उमेदवाराकडेच पैसे मागितले गेले, की समजावं, समोर भामटा आहे. नोकरीसाठी आम्ही पैसे घेत नाही, असं मोठ्या आयटी कंपन्या आपल्या संकेतस्थळांवर स्पष्ट लिहितात.

‘उत्तर आलं नाही म्हणजे आपण नापास,’ हा दुसरा समज. कधी तो खरा असतो. पण भारतीय आयटीत ९० दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास आहे, आणि त्या तीन महिन्यांत निवडलेला माणूस दुसरीकडे जास्त पगार मिळवून निसटेल ही धास्ती प्रत्येक कंपनीला असते. म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ‘होल्डवर’ ठेवतात. त्याला होकारही देत नाहीत आणि नकारही. कधी मुलाखती सुरू असतानाच बजेट कापलं जाऊन जागाच रद्द होते. उमेदवारही काही धुतल्या तांदळासारखे नसतात. ऑफर स्वीकारून रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद ठेवणारे बेंगळुरूच्या प्रत्येक एचआरला भेटलेले असतात. फरक एवढाच, की कंपनीपुढे दुसरा उमेदवार असतो आणि उमेदवारापुढे घरभाडं.

निकाल कळवणं कायद्याने बंधनकारक असेल, असंही काहींना वाटतं. खासगी कंपन्यांवर तसं बंधन भारतात नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने मात्र ते आणलं आहे. १ जानेवारी २०२६ पासून तिथे २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला, जाहिरात दिलेल्या जागेसाठी मुलाखत घेतलेल्या उमेदवाराला ४५ दिवसांच्या आत निर्णयाची स्थिती कळवावी लागते. म्हणजे हे अशक्य नाही. आपल्याकडे कुणी मनावर घेतलेलं नाही, इतकंच.

मग येतो यंत्राचा बागुलबुवा : ‘७५ टक्के रेझ्युमे कॉम्प्युटरच फेकून देतो.’ या आकड्याचा माग प्रेपटेल नावाच्या अमेरिकन कंपनीच्या प्रचारापर्यंत जातो. ती रेझ्युमे सुधारून देण्याची सेवा विकायची आणि २०१३ मध्ये बंद पडली. आकड्यामागचा अभ्यास कुणाच्या हाती लागलेला नाही. प्रत्यक्षात रिक्रूटर नोकरी डॉट कॉमसारख्या साइटच्या साठ्यात कौशल्य, अनुभव, पगार, नोटीस पिरियड असे फिल्टर लावतो आणि वर आलेली पहिली काही पानं चाळतो. रेझ्युमे तिथेच असतो, फक्त त्याच्यापर्यंत कुणी पोचत नाही. नोटीस पिरियडचा रकाना रिकामा ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

जितके राउंड जास्त, तितकी निवड पारखून, हे तर कंपन्यांनाही वाटतं. गूगलने आपल्याच मुलाखतींची आकडेवारी तपासली तेव्हा निघालं, की चार मुलाखतींतून निर्णय ८६ टक्के खात्रीने घेता येतो आणि पाचवीपासून फारशी भर पडत नाही. सातव्या राउंडला बोलावणाऱ्या स्टार्टअपला हे कुणीतरी सांगायला हवं.

मराठी उमेदवारांत आणखी एक कुजबुज असते, की कर्नाटकात आता स्थानिकांनाच नोकऱ्या, म्हणून आपल्याला उत्तर येत नाही. जुलै २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने व्यवस्थापकीय जागांत ५० टक्के आणि इतर जागांत ७० टक्के स्थानिकांचं विधेयक मंजूर केलं, हे खरं. पण नॅसकॉमसह उद्योगजगताने ओरड करताच ते काही दिवसांतच स्थगित झालं. त्याचा कायदा झालेला नाही.

राहिला सर्वांत महागडा समज : ऑफर लेटर हातात आलं की पेढे वाटायचे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरूच्या विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या फ्रेशर्सना साडेतीन लाखांवर यायची तयारी आहे का, असं मेलने विचारलं. इन्फोसिसने २०२२च्या पदवीधरांना ऑफर दिल्या आणि त्यांतल्या अनेकांना रुजू व्हायला दोन वर्षांहून अधिक वाट पाहावी लागली. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यातल्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली, तेव्हा अडकलेल्यांचा आकडा तिने दोन हजारांच्या घरात सांगितला. पुढे बोलावणं आलं, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरच्या कॅम्पसमधून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना घरी पाठवण्यात आलं. तीन संधी देऊनही ते अंतर्गत चाचणीत उत्तीर्ण झाले नाहीत, असं कंपनीचं म्हणणं होतं.

याचा अर्थ ऑफर लेटर म्हणजे रद्दी असाही नाही. ‘मला कामावर घ्याच’ असा आदेश न्यायालयाकडून खासगी कंपनीविरुद्ध सहसा मिळत नाही, कारण वैयक्तिक सेवेचा करार सक्तीने अमलात आणता येत नाही, असं विशिष्ट अनुतोष कायदा सांगतो. पण ऑफर स्वीकारल्यावर कंपनीने ती मोडली तर करार कायद्याखाली नुकसानभरपाई मागता येते. तिथे फोनवरचं ‘डोन्ट वरी, इट्स कन्फर्म्ड’ फारसं कामी येत नाही. कागद आणि मेल लागतात.

तेव्हा ऑफर आल्यावर रुजू होण्याची तारीख, पगाराची फोड आणि ऑफर मागे घेण्याच्या अटी कंपनीच्या अधिकृत मेलवरून मागून घ्या. सीटीसीत कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरलेली असते, ती वजा करून हातात काय येतं ते पाहा. आणि हे मेल स्वतःच्या खासगी मेलवर जपून ठेवल्याशिवाय जुन्या कंपनीत राजीनामा टाकू नका.