मसाल्याचा डबा आणि शास्त्रज्ञांच्या सभा

पाया लेबारच्या विमानतळावर आता लष्करी विमाने उतरतात. पण १९५५ पासून १९८१ पर्यंत सिंगापूरला येणारा प्रवासी येथेच उतरत असे, आणि त्या काळी मुंबईहून आलेल्या कित्येकांच्या सामानात कपड्यांच्या घडीखाली गोडा मसाल्याचा डबा असे. पुढे विमानतळ चांगीला गेला. डबा मात्र घरात राहिला. फरक एवढाच की आता तो बहुधा दुकानातल्या पाकिटातून भरला जातो. आज आम्हांला लिहायचे आहे ते या डब्याविषयी, जरी विषयाचे नाव रुक्ष असले तरी: रासायनिक पृथक्करणाच्या परिषदा आणि कार्यशाळा.

वाचकांना आठवत असेल, १८ एप्रिल २०२४ रोजी सिंगापूरच्या अन्न संस्थेने एव्हरेस्ट कंपनीचा फिश करी मसाला परत मागवण्याचा आदेश दिला. त्याआधी हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्राने तोच मसाला आणि दुसऱ्या एका भारतीय कंपनीचे तीन मसाले दोषी ठरवले होते. कारण एकच, इथिलीन ऑक्साइड नावाचा वायू. आपला माल सुरक्षित आहे असे कंपनीचे म्हणणे होते. संस्थेनेही सांगितले की थोड्या प्रमाणात तो पोटात गेल्यास लगेच धोका नाही, पण दीर्घकाळ जात राहणे बरे नव्हे. हा वायू माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे.

मग तो मसाल्यात घालतात कशाला? तर मिरे, धणे, मिरची उघड्यावर वाळतात. त्यांत जंतू, विशेषतः साल्मोनेला, शिरतात. उकळावे तर वास आणि तेल उडून जाते. हा वायू थंडपणीच जंतू मारतो. इस्पितळातली उपकरणेही त्याने निर्जंतुक करतात. दुसरे मार्ग आहेत. वाफेने होते, किरणोत्सर्गाने होते. नवी मुंबईत वाशी येथे मसाल्यांवर किरणांची प्रक्रिया करणारा सरकारी कारखाना २००० सालापासून आहे, हे आपल्या पुष्कळ मंडळींना ठाऊक नसते.

खरी गंमत, किंवा खरी अडचण, मोजण्यात आहे. हा वायू सुमारे अकरा अंशांनाच उकळतो, म्हणजे आपल्या हवेत तो कधीच उडून जायचा. पण जाण्यापूर्वी तो पदार्थातल्या क्षाराशी मिळून क्लोरोइथेनॉल नावाचा दुसराच पदार्थ बनतो आणि तो चिकटून राहतो. युरोपात दोन्ही मिळून मोजतात व मसाल्याला मर्यादा किलोला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा टनांत एक ग्रॅम! सिंगापुरात मसाल्याच्या निर्जंतुकीकरणासाठी तो वापरायला परवानगी आहे आणि मर्यादा किलोला ५० मिलिग्रॅम. पाचशेपटींचा फरक. एकच पाकीट एका बंदरात चांगले आणि दुसऱ्यात वाईट ठरू शकते, आणि त्यात कोणी खोटे बोललेले नसते.

इतके सूक्ष्म मोजण्याचे यंत्र असे: मसाल्याचा अर्क तापवून त्याची वाफ केसासारख्या बारीक, लांबलचक नळीतून सोडतात. प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळी बाहेर पडतो. पुढचे यंत्र त्याच्या रेणूंचे तुकडे करून त्यांचे वजन घेते आणि तुकड्यांवरून पदार्थ ओळखते. याला मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणतात. यंत्र मोठे हुशार, पण ते हाताळणारा माणूस चुकू शकतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेचे विल्यम हॉर्विट्झ यांनी दाखवले की मोजायचे प्रमाण शंभरपट कमी झाले की निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या उत्तरांतला फरक सुमारे दुप्पट होतो. दशलक्षात एक भाग मोजताना तो १६ टक्क्यांच्या आसपास असतो.

म्हणूनच या मंडळींना एकत्र बसावे लागते. एकच नमुना वाटून अनेक प्रयोगशाळांना देतात आणि उत्तरे पडताळतात. कोणाचे चुकले ते सभेत निघते. वर्णपटशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद १९५० साली स्ट्रासबुर्गला सुरू झाली, पिट्सबर्गची त्याच वर्षी. म्युनिकचा मेळा सम वर्षांत भरतो. त्याची भारतीय शाखा हैदराबादला व मुंबईला. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून चालणारी भारतीय मास स्पेक्ट्रोमेट्री संस्था १९७८ पासून चर्चासत्रे व कार्यशाळा घेत आली आहे. सिंगापूरची रसायन संस्थाही आपली आंतरराष्ट्रीय परिषद भरवते. मसाल्यांच्या जागतिक दर्जासाठी जी समिती आहे तिचे यजमानपद भारताकडे आहे. पहिली बैठक २०१४ साली कोचीला झाली. मात्र या वायूच्या मर्यादेवर जगाचे अजून एकमत नाही. आमच्या मते यापुढच्या सभांत हाच प्रश्न आधी घ्यायला हवा. सिंगापूर व हाँगकाँगकडे निघणाऱ्या मालाची तपासणी भारताच्या मसाला मंडळाने मे २०२४ पासून सक्तीची केली, पण कोणत्या आकड्याला भ्यायचे हे निर्यातदाराला कोणी सांगावे?

आता कोणी म्हणेल, घरी कुटलेला मसाला बरा. आम्हीही तसेच म्हणत होतो. पण दमट हवेत ठेवलेल्या मिरचीला बुरशी धरते, त्या बुरशीतले अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असते, आणि आजीच्या डब्याची तपासणी कधी झालेली नसते. मिरच्या कडक वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात, थोड्या थोड्या दळाव्यात. वास कुबट आला तर फेकून द्याव्यात, भाजून वापरू नयेत. भाजल्याने ते विष पुरते जात नाही.

ज्यांची मुले येथे रसायनशास्त्र शिकत आहेत त्यांनी त्यांना अशा एखाद्या परिषदेला अवश्य पाठवावे. विद्यार्थ्यांना शुल्क बहुधा कमी असते, आणि भिंतीवर लावलेल्या निबंधांपाशी उभे राहून साध्या प्रश्नालाही उत्तर मिळते. जाताना घरातला मसाला कोणत्या गावचा, एवढे मात्र मुलाला सांगून ठेवावे, विचारणारे असतात.